सिस्टरने दिला तो आशीर्वाद नव्हे?

वसईच्या पट्ट्यात सध्या एक वाद वरचेवर ऐकू येतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर चर्चच्या आवारात, मयताच्या घरी बसायला गेल्यावर, धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या परिसराच्या, बैठकीत, कुठे ना कुठे तो निघतोच. निमित्त साधं असतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीकडे कॉन्व्हेंटमधली सिस्टर येते, ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, देते, उशाशी बसून प्रार्थना म्हणते, कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते आणि निघते. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच घरातलं कुणीतरी फोन लावतं, "फादर, सवड झाली की येऊन जा हो, आईला आशीर्वाद द्यायचा राहिलाय." मग दुसरं कुणी विचारतं, सिस्टरने दिला तो काय होता? आणि तिथून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, आशीर्वाद द्यावा तो गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरू होण्याचा विधी, झालेल्यानेच. सिस्टर, ब्रदर, धर्मशिक्षक यांनी प्रार्थना करावी आणि थांबावं. दुसरा तट म्हणतो, ही सगळी पुरुषांची मक्तेदारी आहे. फादर देतात तसाच आशीर्वाद सिस्टरनेही वेदीपुढे उभं राहून, हात उंचावून द्यावा.

मला दोन्ही तट चुकलेले वाटतात, आणि चुकले आहेत ते एकाच जागी. दोघांनीही आशीर्वाद हा हुद्दा धरला आहे. एकाला तो राखायचा आहे, दुसऱ्याला मिळवायचा आहे. तलाठ्याच्या सही-शिक्क्याशिवाय सातबारा खरा नाही, तसा फादरच्या हाताशिवाय आशीर्वाद खरा नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, शिकवण मात्र निराळी आहे. आशीर्वाद देणं हे बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचं काम आहे. त्यातला काही भाग बिशप, धर्मगुरू आणि त्यांच्या खालच्या पायरीची दीक्षा झालेले डिकन यांच्यासाठी राखलेला आहे, तो मानलाच पाहिजे. पण तो आपण समजतो त्याहून पुष्कळ लहान आहे. म्हातारीच्या कपाळावर सिस्टरने क्रूस काढला तो पुरा आशीर्वाद होता. त्याला मागाहून कुणाच्या पुरवणीची गरज नव्हती.

आधी नियम पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते उघडून पाहिले आहेत. जगभरच्या बिशपांच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्याच्या 79व्या परिच्छेदात म्हटलं आहे की राखीव आशीर्वाद अगदी मोजके असावेत, आणि काही विधी, निदान विशेष परिस्थितीत व स्थानिक बिशपांच्या विचाराने, योग्य प्रापंचिकांनाही, म्हणजे दीक्षा न झालेल्या भाविकांनाही, करता यावेत. 1983च्या धर्मसंहितेतलं 1168वं कलम तेच कायद्याच्या भाषेत सांगतं. 1984 साली रोमने आशीर्वादविधींचा नवा ग्रंथ काढला. त्याच्या प्रस्तावनेत कोण कोण आशीर्वाद देऊ शकतो याची उतरंड आहे: बिशप, धर्मगुरू, डिकन, वाचक आणि वेदीसेवक, आणि मग बाप्तिस्मा व दृढीकरण झालेले स्त्री-पुरुष. आईबापांनी मुलांना द्यायचा आशीर्वाद तिथे नावानिशी सांगितला आहे. स्थानिक बिशपांनी नेमलेले व्रतस्थ, म्हणजे सिस्टर-ब्रदर, आणि धर्मशिक्षक यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. 1992च्या धर्मशिक्षणग्रंथाचा 1669वा परिच्छेद तर आणखी पुढे जातो. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण स्वतः आशीर्वाद होण्यासाठी आणि आशीर्वाद देण्यासाठी बोलावलेला आहे, असं तो म्हणतो. त्याच परिच्छेदात सीमाही आखली आहे: एखादा आशीर्वाद ख्रिस्तसभेच्या सामूहिक आणि साक्रामेंतांच्या, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न अशा सात पवित्र संस्कारांच्या, जीवनाशी जितका जास्त जोडलेला, तितका तो दीक्षितांसाठी राखलेला. या एका फूटपट्टीने आपले निम्मे वाद मिटावेत. वेदीचं अर्पण, चर्चचा अभिषेक, मिस्साच्या शेवटचा आशीर्वाद एका टोकाला. आजारी माणसाच्या उशाशी, झोपी जाणाऱ्या लेकराच्या कपाळावर, जेवणाच्या पानावर दिलेला आशीर्वाद दुसऱ्या टोकाला.

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. आपल्याकडे सिस्टर म्हणजे अर्धे फादर, असं मनात कुठेतरी धरलेलं असतं. व्रतं घेतल्याने माणूस दीक्षित होत नाही. दीक्षा न झालेली सिस्टर किंवा ब्रदर आशीर्वादाच्या बाबतीत तुमच्या-माझ्याच रांगेत उभे असतात. म्हणजे सिस्टरच्या आशीर्वादाचा प्रश्न हा मुळात आपल्या सगळ्यांच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न आहे. सिस्टरला नाकारलं की आजीला, बापाला आणि धर्मशिक्षकालाही नाकारलं.

आता त्या खोलीकडे जरा जवळून बघा. सिस्टरने गळ्यातली छोटी पिशवी उघडली. आतून धातूची डबी काढली. टेबलावर पांढरं फडकं पसरून, मेणबत्ती लावून तिने ती त्यावर ठेवली. त्या डबीत, आपल्या श्रद्धेप्रमाणे, साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे. ते हाती घेऊन ती रिक्षातून आली, आणि त्याला कुणाचीच हरकत नाही, कारण 1973पासून रोमनेच तशी मुभा दिली आहे. उपवासकाळाच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी, तीच सिस्टर आपल्या कपाळाला राख लावते, तेव्हाही आपण मुकाट्याने रांगेत उभे राहतो. मग ख्रिस्ताचं शरीर जिच्या हातून चालतं, तिच्या अंगठ्याने काढलेला क्रूस तेवढा कसा चालत नाही? आणीबाणीत तर बाप्तिस्माही कुणी देऊ शकतो. 1439 साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने स्पष्ट सांगितलं की गरज पडली तर स्त्रीने, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानेही, ख्रिस्तसभेच्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा खरा असतो. लग्नात तर लॅटिन परंपरेप्रमाणे साक्रामेंत देणारे वधू आणि वर स्वतःच असतात. फादर ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांचा होकार स्वीकारतात. सातांतली दोन साक्रामेंतं जिथे अशी आपल्या हाती दिली आहेत, तिथे एका आशीर्वादावरून आपण सिस्टरला दारात अडवतो.

विरोधकांचा पहिला मुद्दा मात्र हलका नाही. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात मलकीसदेक हा याजक अब्राहामाला आशीर्वाद देतो त्या प्रसंगावर लिहिताना म्हटलं आहे की मोठ्याकडून लहानाला आशीर्वाद मिळतो, यात वादच नाही. बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलवर देवाचं नाव ठेवून आशीर्वाद देण्याचं काम अहरोन आणि त्याच्या मुलांना, म्हणजे याजकांना सोपवलं आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही 1964 साली निःसंदिग्ध सांगितलं की दीक्षितांचं याजकपण आणि सर्व भाविकांचं याजकपण यांत फरक आहे आणि तो फक्त कमी-जास्तपणाचा नाही, स्वरूपाचा आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. धर्मगुरू आशीर्वाद देतो तेव्हा तो ख्रिस्तसभेच्या नावाने बोलतो, आणि ते बोलणं माझ्या बोलण्यापेक्षा निराळं असतं. त्याला मी खाली ओढू पाहत नाही.

पण 'मोठा' कोण, हे शास्त्र आपल्याला वाटतं तितकं सरळ सांगत नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय उघडा. जखऱ्या याजक आहे, मंदिरात धूप जाळायची पाळी त्याच्यावर आली आहे. धूप अर्पण झाल्यावर याजकाने लोकांना आशीर्वाद द्यावा, ही मंदिराची रीत. लोक बाहेर ताटकळत उभे आहेत. तो बाहेर येतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही; देवदूताच्या निरोपावर त्याने विश्वास ठेवला नाही म्हणून तो मुका झाला आहे. मंदिराच्या दारात राहिलेला तो आशीर्वाद पुढे कुठे उच्चारला जातो? यहूदाच्या डोंगराळ भागातल्या त्याच्याच घरी, त्याच्या बायकोच्या तोंडून. पवित्र आत्म्याने भरून अलीशिबा मोठ्याने म्हणते, स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि तुझ्या पोटचं फळ धन्य. आपण रोज रोजरीत पन्नास वेळा जे म्हणतो ते एका प्रापंचिक स्त्रीने उच्चारलेलं आहे, याजक मुका असताना. पुढे जखऱ्याचीही जीभ सुटते आणि तो देवाची स्तुती करतो; याजक कायमचा बाजूला पडत नाही. रूथच्या गोष्टीत शेताचा धनी बवाज कापणी करणाऱ्यांना म्हणतो, परमेश्वर तुमच्यासोबत असो, आणि मजूर उलट त्याला म्हणतात, परमेश्वर तुम्हांला आशीर्वाद देवो. इथे मोठा कोण आणि लहान कोण? पेत्राच्या पहिल्या पत्रात तर सगळ्याच मंडळीला सांगितलं आहे की वाइटाची फेड वाइटाने करू नका, उलट आशीर्वाद द्या, कारण त्यासाठीच तुम्हांला बोलावलं आहे. ते पत्र फक्त याजकांना लिहिलेलं नव्हतं.

आपल्याच गावांत हे दर गुरुदीक्षेच्या वेळी घडतं आणि आपण त्याचा अर्थ लावत नाही. मांडव घातलेला असतो, बँडवाले फाटकाशी उभे असतात, डिकन पांढरा झगा घालून घरातून निघतो; पण उंबरठा ओलांडण्याआधी तो आईबापांपुढे गुडघे टेकतो. आई त्याच्या डोक्यावर हात ठेवते, कपाळावर क्रूस काढते, पुटपुटते ते काय हे शेजारच्यालाही ऐकू येत नाही. दुपारी तोच मुलगा धर्मगुरू होऊन बाहेर येतो आणि तीच आई त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याचा पहिला आशीर्वाद घेते. सकाळी मोठं कोण आणि दुपारी मोठं कोण? दोन्ही आशीर्वाद खरे, दोन्ही निराळे, आणि एकाने दुसऱ्याचं काही हिरावलं नाही. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना मी हेच उदाहरण देते, आणि ती ते चटकन समजतात. मोठ्यांना का अवघड जातं, हे मला कळत नाही.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. "असं आपल्यात कधी नव्हतंच," असं ठासून सांगितलं जातं. हे खरं नाही, आणि खरं नाही याचा पुरावा मनाई करणाऱ्यांनीच ठेवला आहे. 789 साली शार्लमेन राजाच्या फर्मानात तक्रार आहे की काही मठाध्यक्षा, म्हणजे सिस्टरांच्या मठाच्या प्रमुख, पुरुषांच्या डोक्यावर हात ठेवून, क्रुसाची खूण करून आशीर्वाद देतात, हे थांबवा. 1210 साली पोप तिसरे इनोसंट यांनी स्पेनमधल्या बुर्गोस आणि पालेन्सियाच्या बिशपांना लिहिलं की तिथल्या मठाध्यक्षा आपल्या सिस्टरांना आशीर्वाद देतात, त्यांचे पापनिवेदन ऐकतात, शुभवर्तमान वाचून प्रवचनही करतात. हे बंद करा. कारण असं दिलं की पवित्र मरिया सगळ्या प्रेषितांहून श्रेष्ठ असली तरी प्रभूने स्वर्गराज्याच्या किल्ल्या तिला दिल्या नाहीत, त्यांना दिल्या. ज्या गोष्टीची चारशे वर्षांत दोनदा मनाई करावी लागते, ती कुठेतरी चालू होती हे उघड आहे. इनोसंट यांची एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करते: पापक्षमा आणि मिस्सातलं प्रवचन यांना हात घालणं ही मर्यादा ओलांडणंच होतं. पण आपल्या मठातल्या मुलींना आईने दिलेला आशीर्वादही त्यांनी त्याच पोत्यात भरला. पुढच्या काळाने तो वेगळा काढला, आणि 1984चा ग्रंथ हे त्या वेगळं काढण्याचंच फळ आहे.

हाच इतिहास दुसऱ्या तटालाही ऐकवायला हवा. "बायका म्हणून डावललं" एवढ्याने हिशोब पुरा होत नाही. चौथ्या शतकातल्या 'प्रेषितीय संविधानं' या ख्रिस्ती नियमग्रंथात स्वच्छ लिहिलं आहे की डिकन आशीर्वाद देत नाही, तो घेतो. आणि लगोलग, डिकनीणही देत नाही. म्हणजे मनाईच्या रेषेपलीकडे पुरुषही होतेच. आज तोच डिकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो आणि आशीर्वादही देतो. रेषा हलली. ख्रिस्तसभेनेच ती विचारपूर्वक हलवली. रेषा असणं चूक नाही, पण आज जिथे आहे तिथेच ती ख्रिस्तापासून होती असं म्हणणं चूक आहे.

मठांचा इतिहास तर याहून बोलका आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत 63वा अध्याय आहे. भाऊ एकमेकांना भेटले की धाकट्याने थोरल्याकडे आशीर्वाद मागावा. थोरला कोण? जो मठात आधी आला तो; वय, घराणं, हुद्दा यांनी फरक पडत नाही. त्याआधीच्या अध्यायात मठातल्या धर्मगुरूविषयी सांगितलं आहे की वेदीवरचं काम सोडलं तर त्याची जागा तो ज्या दिवशी मठात आला त्यावरूनच ठरेल. दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचा. मागाहून आलेला धर्मगुरू आधी आलेल्या, दीक्षा नसलेल्या साध्या भावापुढे वाकून आशीर्वाद मागणार, हे त्यातून सरळ निघतं. 66व्या अध्यायातला दारवान तर गरिबाने हाक मारताच 'देवाचे आभार' किंवा 'आशीर्वाद द्या' असं म्हणतो. दाराशी उभ्या भिकाऱ्याकडे आशीर्वाद मागायचा! पाश्चात्त्य मठजीवन ज्या नियमावर उभं राहिलं, त्यात आशीर्वाद असा हातोहात फिरत होता.

फ्रान्सिस्कन संघ स्थापन करणारे असिसीचे संत फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते. 1224 साली ला व्हेर्ना डोंगरावर त्यांनी ब्रदर लिओसाठी अहरोनाच्याच शब्दांत आशीर्वाद लिहून दिला. तो चामड्याचा तुकडा असिसीत आजही जपून ठेवला आहे. त्यांची शिष्या आणि मठाध्यक्षा संत क्लेअर हिच्याविषयीची एक कथा फ्रान्सिस्कन परंपरेत सांगितली जाते. पोप त्यांच्या मठात आले असताना त्यांनी क्लेअरला जेवणाच्या भाकरींवर आशीर्वाद द्यायला सांगितलं. ती म्हणाली, ख्रिस्ताच्या प्रतिनिधीसमोर माझ्यासारखीने असं धाडस करणं बरं नव्हे. पोपनी आज्ञापालनाचं व्रत आठवून दिल्यावर तिने क्रुसाची खूण केली, आणि प्रत्येक भाकरीवर क्रूस उमटला. चमत्कार कुणी मानो न मानो, कथा सांगणाऱ्यांना काय सांगायचं होतं ते मला महत्त्वाचं वाटतं. क्लेअर स्वतःहून पुढे सरसावत नाही आणि पोप तिला मागेही ठेवत नाहीत. ज्येष्ठ दीक्षित हजर असेल तर त्याला मान द्यावा, हा आजचा नियमही आहे: धर्मगुरू किंवा डिकन समोर असेल तर विधी त्याच्याकडे सोपवावा. वर्षानुवर्षं रुग्णाची सेवा करणाऱ्या सिस्टरसमोर काल दीक्षा झालेले फादर आले, तरी तिने बाजूला व्हावं. यात मला अपमान दिसत नाही. अपमान आहे तो फादर तिथे नसताना तिने दिलेल्या आशीर्वादाला कच्चा म्हणण्यात.

आणि आपण वसईकरांनी तरी हे म्हणावं? आपल्या मातीचा संत कोण? गोन्सालो गार्सिया. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला, मनिलाला फ्रान्सिस्कन झालेला, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेलेला. 1862 साली रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत धर्मगुरू नव्हता, साधा ब्रदर होता. जपानी उत्तम बोलायचा म्हणून आपल्या फादरांचा दुभाषा होता. गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. आपण त्याच्या प्रतिमेपुढे डोकं टेकून आशीर्वाद मागतो. आज तो जिवंत असता आणि एखाद्या आजाऱ्याच्या घरी गेला असता, तर त्याच्या मागेही आपण फादरना फोन लावला असता.

ज्या नागासाकीत त्याचं रक्त सांडलं, तिथली पुढची गोष्ट या वादात सगळ्यांत मोलाची आहे. 1614 साली जपानमधून धर्मगुरूंना हाकलण्याचा हुकूम निघाला. 1644 साली उरलेला शेवटचा धर्मगुरूही मारला गेला. त्यानंतर दोनशे वीस वर्षं तिथे ना मिस्सा, ना पापनिवेदन. शेतकरी आणि कोळी घराघरांत लपून प्रार्थना म्हणत राहिले, गावातला एक नेमलेला माणूस पोरांना बाप्तिस्मा देत राहिला, आईबाप मुलांना आशीर्वाद देत राहिले. 1865 साली नागासाकीत त्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नावाचं चर्च उभं राहिलं, त्यात आपला गोन्सालोही आला. 17 मार्चला उराकामी गावचे काही लोक तिथल्या फ्रेंच धर्मगुरूजवळ आले आणि हळूच म्हणाले की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे? प्रापंचिकांच्या आशीर्वादाने धर्मगुरूची गरज संपते, असं ज्यांना वाटतं त्यांनी या माणसांकडे बघावं. धर्मगुरूची तहान दोनशे वीस वर्षं जिवंत ठेवली ती त्या घरगुती आशीर्वादानेच. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: त्यांतले सगळे परत आले नाहीत. काही घराणी आपापल्या पद्धतीत इतकी दूर गेली होती की ती वेगळीच राहिली. बिशपांशी नातं आणि शिक्षण या दोन अटी 1984च्या ग्रंथाने का घातल्या, हे यातून कळतं.

आपल्या किनाऱ्यावरही 1739 साली वसई मराठ्यांकडे गेली, पोर्तुगीज निघून गेले आणि किल्ल्यातले फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट मठ ओस पडले. भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. श्रद्धा मात्र टिकली. जे थोडे देशी धर्मगुरू उरले त्यांच्या जोडीला घरातली रोजरी होती, क्रुसापुढची लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होती. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या घरांत अजूनही तिन्हीसांजेची रोजरी झाली की पोरं एकेका थोरल्यापुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात, आणि खुर्चीतली आजी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवते. त्या आजीला कुणी परवाना विचारत नाही. मग तीच गोष्ट सिस्टरने केली की परवान्याची भाषा का सुरू होते?

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत गंभीर वाटतो, आणि तो मांडणारे बहुधा अनुभवी फादर असतात. ते म्हणतात, दार उघडलं की बुवाबाजी आत शिरते. खासगी प्रार्थनासभांत डोक्यावर हात ठेवून आजार बरा करण्याची हमी देणारे, तेलाच्या बाटल्या वाटणारे, अमक्याच्या हाताला गुण आहे म्हणून रांगा लावणारे आपल्याकडे आहेत. औषधं बंद केल्यामुळे माणसं दगावण्यापर्यंत गोष्टी जातात. भीती खरी आहे. पण हे लोक कुठल्या रिकाम्या जागेत घुसतात, ते बघा. ज्या घरात आशीर्वाद म्हणजे फक्त फादरची फेरी, आणि फादर तर तीन-तीन वाड्यांत विभागलेले, त्या घरातला माणूस रात्री ताप चढल्यावर 'गुण असलेला' हात शोधायला निघतो. जिथे आजी, सिस्टर, धर्मशिक्षक रोज शांतपणे, फुकट, काही हमी न देता आशीर्वाद देतात, तिथे त्या हाताची जादू उरत नाही. बंदी घालून बुवाबाजी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. प्रापंचिकांच्या आशीर्वादाला बिशपांची ओळख आणि शिस्त मिळाली, तर खरा आणि खोटा यांत फरक करायला लोकांना काहीतरी हाती तरी राहील.

दुसऱ्या तटाच्या मागणीवर दोनच शब्द. सिस्टरने फादरसारखे हात पसरून, लोकांवर क्रुसाची मोठी खूण करून आशीर्वाद द्यावा, ही मागणी तिला मोठं करत नाही, दुसऱ्याची नक्कल करायला लावते. प्रापंचिकाने विधी चालवायचा तो हात जोडून, देवाने आपल्याला आशीर्वाद द्यावा असं सर्वांबरोबर मागून, खूण स्वतःवर करून. रुग्णाच्या किंवा मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायला त्यात जागा आहेच. देणारा घेणाऱ्यांच्या रांगेतच उभा असतो, हे या पद्धतीचं सौंदर्य आहे, आणि व्रतस्थ जीवनाला तेच शोभतं.

आता करायचं काय? कायदा बदलण्याची गरज नाही, तो आहेच. पोप फ्रान्सिस यांनी 2021च्या जानेवारीत वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना खुली केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षक हे अधिकृत सेवापद केलं. ज्या उतरंडीचा वर उल्लेख केला, तिच्या पायऱ्यांवर आता स्त्रियाही रीतसर उभ्या राहू शकतात. आपल्या बिशपांनी प्रत्येक धर्मग्रामातून काही सिस्टर, ब्रदर, धर्मशिक्षक आणि विवाहित जोडपी निवडावीत, त्यांना कुठला विधी कुणी करायचा आणि कुठे थांबायचं हे शिकवावं, आणि त्यांच्या नेमणुकीचं पत्र रविवारच्या मिस्सात वेदीवरून वाचून दाखवावं. वाचून दाखवणं महत्त्वाचं आहे, कारण सिस्टर बहुधा सगळं जाणून असते; अडतं ते घरच्यांचं. निवड कॉन्व्हेंटपुरतीही राहू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा कितीतरी वाड्या आहेत जिथे जवळपास एकही कॉन्व्हेंट नाही आणि चार-पाच ख्रिस्ती घरं एका डोंगराआड आहेत. तिथे ही जबाबदारी एखाद्या शाळामास्तरांना किंवा मासळी विकणाऱ्या बाईलाच द्यावी लागेल, आणि फादर पुढच्या फेरीला आले की आजाऱ्यांची नावं त्यांना तिच्याकडूनच कळतील.